बोली लावणारे आणि बोलीबाहेरचे

लिलाव हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो मूळचा आपला नाही, हे लक्षातही येत नाही. तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'लेलाओ'चे मराठीत लिलाव झाले, उत्तरेत तेच नीलाम झाले. आणि पोर्तुगीजांना तो अरबांनी दिला होता. 'अल्-इलाम' म्हणजे जाहीर करणे, सर्वांना कळवणे. विदर्भातल्या पेपरात आजही रेतीघाटाचा 'हर्रास' झाल्याची बातमी येते. तो शब्दही अरबीच, 'हराज'. दोन्ही शब्द परदेशातून आले, वेगवेगळ्या वाटांनी आले आणि इथे शेजारी शेजारी राहिले. या व्यवहारातला अस्सल आपला शब्द म्हणजे बोली. आपण जी भाषा बोलतो तीही बोली आणि वस्तूला जी किंमत पुकारतो तीही बोली. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला यात गंमत वाटते, पण त्यात व्यवहाराची एक अटही दडलेली आहे. किंमत तोंडाने बोलली पाहिजे आणि ती दुसऱ्याला ऐकू आली पाहिजे.

ही अट नेहमी पाळली जात होती, असे मात्र कुणी समजू नये. जुन्या बाजारात शेतमालाचे सौदे उपरण्याखाली होत. दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटे दाबत, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून कापडाची हालचाल पाहत असे. आपल्या मालाला कुणी किती देऊ केले आणि कुणाला का दिला, हे त्याला कळत नसे. ही चाल मोडायला फार वर्षे लागली. वऱ्हाडात कापसासाठी कारंज्याचा बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने सगळीकडे नियंत्रित बाजार हवेत असे सांगितले. महाराष्ट्राचा स्वतःचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. या सगळ्या खटाटोपाचे सार एका ओळीत सांगता येईल: उपरणे बाजूला करा, बोली मोठ्याने बोला.

दिघीहून वीसेक किलोमीटरवर चाकण आहे. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात, पण खेड बाजार समितीचे महात्मा फुले मार्केट यार्ड तिथेच आहे आणि कांदा-बटाट्यासाठी त्याचे नाव कारखान्यांच्या आधीपासूनचे आहे. तिथला लिलाव एकदा तरी पाहावा. अडत्या ढिगापासून ढिगाकडे सरकतो, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी मूठभर कांदे उचलून दाबून पाहतो, कुणी पात काढून हुंगतो. पुकारा इतका भरभर चालतो की नवख्याला आकडे कळतच नाहीत. पण ज्याचा ढीग असतो त्या शेतकऱ्याला मात्र प्रत्येक आकडा कळतो. भाव पडला तर तो तिथेच शिव्या घालतो. त्याचे समाधान होत नाही, पण भाव त्याच्यादेखत ठरलेला असतो.

आमच्या या औद्योगिक पट्ट्यात लिलावाचा आणखी एक घरगुती प्रकार आहे, त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो म्हणजे बोलीची भिशी. वीस जण दरमहा दोन-दोन हजार काढतात, चाळीस हजार जमतात. ज्याला नड आहे तो बोली लावतो, "मी तीन हजार सोडतो", दुसरा म्हणतो, "मी साडेतीन." जो जास्त सोडेल तो रक्कम उचलतो आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, शाळेतल्या बाया, सगळ्यांच्या भिशा असतात. १९८२ चा चिट फंड कायदा अशा गोष्टींना नोंदणी मागतो. आमच्या गल्लीतल्या भिशीला तो कायदा माहीतही नाही. तिथे तारण एकच, रोज सकाळी पाण्याच्या टाकीपाशी तोंड दाखवावे लागते.

जुन्या वस्तूंची किंमत कशी ठरते, हेही या भागाने फार लवकर पाहिले. आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना, आणि तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकात इथल्याच माणसाला चेतक स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. चेतक १९७२ ची. परवाना पद्धतीमुळे किती बनवायच्या याला मर्यादा होती आणि मागणी अफाट होती. त्यामुळे नंबर लागलेली माणसे स्कूटर घेऊन लगेच वर पैसे घेऊन विकत. एक-दोन वर्षे चाललेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग, हा प्रकार आमच्या अब्बांनी स्वतः पाहिला होता, आणि तो ते पाहुण्यांना इतक्या वेळा सांगत की अम्मी चहाच्या निमित्ताने आत निघून जाई. तो लिलावच होता, फक्त हातोडा नव्हता. एकाच वस्तूमागे चौघे लागले की वस्तू कागदावरच्या किमतीला राहत नाही. नव्वदनंतर गाड्या मुबलक झाल्या आणि तो प्रकार संपला.

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार ही आमची दुसरी शाळा. तिथे लिलाव नसतो, घासाघीस असते. विकणारा ऐंशी म्हणतो, घेणारा तीस म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असते की पन्नासवर थांबायचे आहे. पण या घासाघिशीला एक मर्यादा आहे. समोर एकच गिऱ्हाईक असते. त्या वस्तूसाठी जीव टाकणारा माणूस नागपुरात किंवा इंदुरात बसला असेल, तर त्याची आणि तुमची गाठ कशी पडणार? रद्दीवाल्याने किलोवर घेतलेले पुस्तक म्हणजे हीच गाठ न पडलेले पुस्तक.

संगणकावरच्या लिलावाने ही गाठ घालून दिली. १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिअर ओमिड्यार या तरुण प्रोग्रामरने 'ऑक्शनवेब' नावाची जागा सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडका आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते, तो मोडकेच पॉइंटर जमवत होता. भारतात हे लोण २००० मध्ये आले. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान या दोघांनी मुंबईत बाझी डॉट कॉम काढली. नाव छान होते, त्यात बाजारही ऐकू येत होता आणि बाजीही. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव ईबे इंडिया झाले.

त्या दिवसांत मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. दिघीत वीस रुपये तासाने बसता येईल असे सायबर कॅफे निघाले होते. प्लायवुडच्या खोपट्यांत पोरे बसलेली, पंख्याचा आवाज, आणि पान उघडेपर्यंत विडी ओढून यावी इतका वेळ. तिथूनच मी २००५ मध्ये 'सत्यकथे'चे काही जुने अंक आणि सात-आठ दिवाळी अंक विकायला ठेवले. एकाच अंकाच्या दोन-दोन प्रती घरात होत्या आणि घरच्यांचा रद्दीचा तगादा होता. शंभर रुपयांपासून बोली, मुदत सात दिवस. पाचव्या दिवशी नागपूरचे एक गृहस्थ आणि इंदूरचे एक गृहस्थ एकमेकांना भिडले. अंक सातशे चाळीस रुपयांना गेले. पैशापेक्षा मला नवल वाटले ते इंदुरात कुणीतरी 'सत्यकथे'चे अंक धुंडाळतो आहे याचे. अंक पोचल्यावर त्यांनी पत्र लिहिले, साधे पोस्टाने, आणि आतल्या एका कथेबद्दल दोन पाने लिहिली. जुन्या बाजारात हे झाले नसते.

हे जमत होते ते तीन गोष्टींमुळे. पहिली, पैशाची सोय. घेणाऱ्याचे पैसे 'पैसापे' नावाच्या व्यवस्थेत आधी मधल्या कंपनीकडे जमा होत आणि मग विकणाऱ्याला मिळत. दुसरी, अभिप्राय. व्यवहार झाला की घेणारा विकणाऱ्याबद्दल आणि विकणारा घेणाऱ्याबद्दल चार शब्द लिहून ठेवी. पाण्याच्या टाकीपाशी तोंड दाखवण्याला हा पर्याय होता. आणि तिसरी, बोलीची पद्धत. तुम्ही मनातली सर्वांत वरची रक्कम यंत्राला सांगून ठेवायची, समजा सहाशे. दुसऱ्याची मर्यादा साडेचारशे असेल तर यंत्र तुम्हाला साडेचारशेच्या एक पायरी वर, म्हणजे चारशेसाठला वगैरे, वस्तू देते. सहाशे मोजावे लागत नाहीत. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने अशा लिलावाचे गणित १९६१ मध्ये मांडले आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. टपाल तिकिटांचे व्यापारी मात्र ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासूनच वापरत होते. पंडितांच्या आधी दुकानदार पोचलेला असतो, असे अनेकदा होते.

पण याच पद्धतीत एक फट होती. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होई. चाकणच्या यार्डात शेवटचा आकडा पुकारल्यावर अडत्या थांबतो, घोळक्यावर नजर फिरवतो, "आहे का कुणी?" विचारतो. ईबेच्या घड्याळाला हे थांबणे माहीत नव्हते. त्यामुळे तरबेज लोक गप्प बसत आणि शेवटच्या पाच-दहा सेकंदांत बोली टाकत. एका उर्दू-मराठी शब्दकोशाच्या जुन्या प्रतीवर मी सहा दिवस सर्वांत वर होतो, आणि कॅफेतल्या घड्याळात शेवटचे मिनिट असताना ती दुसऱ्याची झाली. ॲमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले होते, तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप दहा मिनिटांनी वाढे. तिथे असा डाव साधत नसे. एवढ्याशा नियमाने कोण जिंकणार हे बदलते. ज्याच्या घरी संगणक आहे आणि शेवटच्या क्षणी जो हजर राहू शकतो तो एका बाजूला, आणि तासाचे वीस रुपये भरून उठलेला दुसऱ्या बाजूला.

मग हळूहळू बाजाराचा चेहरा बदलला. ईबेने २००० मध्येच 'आत्ताच घ्या' हे बटण आणले होते. बोली नको, थांबणे नको, लिहिलेली किंमत द्या आणि न्या. सुरुवातीला ते लिलावाच्या कडेला उभे होते, दशक संपता संपता त्यानेच लिलावाला कडेला ढकलले. याला कुणाचे कारस्थान म्हणता येणार नाही. मोडक्या पॉइंटरची किंमत कुणालाच माहीत नसते म्हणून तिथे लिलाव लागतो. मोबाइलच्या कोऱ्या चार्जरची किंमत सगळ्यांना माहीत असते. घेणारेही सात दिवस वाट पाहायला कंटाळले. एकेक जुनी वस्तू विकणाऱ्यांच्या जागी शेकडो नव्या वस्तू ठेवणारे दुकानदार आले, आणि नियम त्यांच्या सोयीने होऊ लागले. २००८ मध्ये ईबेने विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट अभिप्राय लिहायला बंदी केली. त्यामागे कारण होते. विकणारे सूड म्हणून वाईट लिहीत. पण दोन्हीकडून चालणारी ओळख एकीकडूनच राहिली. मोठ्या दुकानदाराला शंभरांत दोन तक्रारी पचतात. वर्षाला दहा वस्तू विकणाऱ्याच्या दोन तक्रारी झाल्या की त्याचे नाव खराब.

आपल्याकडे कायद्याचीही भर पडली. २००४ च्या डिसेंबरात बाझीवर एका अश्लील चित्रफितीची जाहिरात कुणी टाकली आणि कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. बाजार भरवणाऱ्याने प्रत्येक पथारीवरच्या मालाची जबाबदारी घ्यायची का, हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. २००८ च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीने त्याला काही अटींवर संरक्षण मिळाले. पुढे २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. दुकान थाटून माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नव्हती, पण तोच माल ऑनलाइन बाजारातून विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची झाली. राज्याच्या आत विकणाऱ्या छोट्यांना त्यातून सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. मधली सहा वर्षे घरातून चार साड्या किंवा पितळी समया विकणाऱ्या बाईने काय करावे, याचा विचार कुणी केला होता असे दिसत नाही. घरातली स्वतःची जुनी वस्तू विकणे हा धंदा नाही, पण हा फरक नोंदणीच्या फॉर्मपुढे बसलेल्याला कोण समजावणार?

आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे इंडिया बंद झाले. २०१७ मध्ये ईबेने आपला इथला धंदा फ्लिपकार्टच्या हवाली केला होता आणि वर ५० कोटी डॉलर त्या कंपनीत गुंतवले होते. बंद होण्याची बातमी पेपरात आतल्या पानावर आली. त्या सुमारास बहुतेकांच्या दृष्टीने ऑनलाइन खरेदी म्हणजे ठरलेल्या किमतीचा नवा माल घरपोच, एवढेच उरले होते.

जुने विकणारे कुठे गेले? ते ओएलएक्सवर गेले, क्विकरवर गेले. तिथे लिलाव नाही. फोटो टाकायचा, किंमत लिहायची आणि फोनची वाट पाहायची. म्हणजे जुना बाजारच, फक्त गिऱ्हाईक दिसत नाही. 'बेच दे' ही जाहिरात घराघरात पोचली, खूप लोकांच्या अडगळीचे पैसे झाले, हे मान्यच करायला हवे. दिघीत भाड्याने राहणारी पोरे दर दोन वर्षांनी पलंग, कूलर, गॅसची शेगडी याच मार्गाने देतात-घेतात. पण मधल्या कंपनीकडे पैसे थांबवण्याची सोय, दोन्हीकडचा अभिप्राय आणि अनेकांनी मिळून ठरवलेली किंमत या तिन्ही गोष्टी या रांगड्या व्यवहारात राहिल्या नाहीत.

त्या मोकळ्या जागेत भामटे शिरले. त्यांचा एक ठरलेला प्रकार आहे, लष्करी जवान असल्याची बतावणी. "माझी बदली झाली आहे, गाडी स्वस्तात द्यायची आहे", आणि सोबत गणवेशातला फोटो. आमचे दिघी लष्करी आस्थापनांच्या कुशीतले गाव. इथे घरटी कुणीतरी फौजेत किंवा फौजेच्या नोकरीत असतो, त्यामुळे गणवेशाचा फोटो पाहिला की माणूस निम्मा गार होतो. दुसरा प्रकार क्यूआर कोडचा. तुमचा पलंग घेतो म्हणणारा तुम्हाला कोड पाठवतो आणि "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" म्हणतो. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आपल्या घरातल्या थोरांना आजच सांगावे.

तिसरा प्रकार जुन्या नोटा-नाण्यांचा. ईबेच्या काळात शेवटी ७८६ आकडा असलेल्या नोटांना चांगली मागणी असे. आमच्या समाजात या आकड्याला मान आहे, आणि दहाची नोट शंभराला घेणारे भाविक मी पाहिले आहेत. माझे मत विचाराल तर श्रद्धेला नोटेच्या नंबराची गरज नसते, पण तो घेणाऱ्याचा आनंद. निदान तिथे किंमत दहा-वीस जणांच्या बोलीतून ठरे. ईबे गेल्यावर "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील" अशा जाहिरातींचा पूर आला. आधी 'कमिशन' भरा, मग 'टॅक्स' भरा. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की आम्ही अशा व्यवहारात नाही, आमच्या नावाने कुणी शुल्क मागत असेल तर देऊ नका.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की लिलाव संपला. उलट तो कधी नव्हे एवढा वाढला आहे, फक्त आपल्या हातून गेला आहे. २०१० मध्ये थ्री-जीच्या लहरींच्या लिलावातून सरकारला ६७ हजार कोटींहून जास्त रुपये मिळाले. २०१५ मध्ये कोळशाच्या खाणी ई-लिलावाने गेल्या. तो लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संगणकावर झाला. ही कंपनी १९६४ मध्ये भंगाराच्या व्यापारासाठी निघाली होती. भंगारापासून खाणीपर्यंतचा तिचा प्रवास पाहिला की ई-लिलावाची ताकद कळते. बंद खोलीत ठरणाऱ्या गोष्टी उघड्यावर आल्या, हा त्याचा मोठा गुण आहे. २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल पुन्हा लिलावाच्या अभ्यासकांनाच मिळाले. शेतमालासाठीही १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झाले. पण कांदा दाबून पाहायला पडद्यात हात घालता येत नाही, त्यामुळे तिथे मालाची प्रत तपासणारी चोख यंत्रणा आधी लागते.

भंगाराचे मी जवळून पाहिले आहे. आमच्या स्टोअरच्या मागच्या अंगणात महिन्याला लिलाव होई. लेथवरचा लोखंडी चुरा, पत्र्याच्या कातरणी, तेलाची रिकामी पिंपे. कुदळवाडीहून, चिखलीहून पंधरा-वीस भंगारवाले येत, त्यात माझे एक मेहुणेही असत. चुऱ्यात तेल किती, कातरणीत गंज किती, ते पायाने उकरून पाहत. एका पिंपासाठीही बोली चाले. तो काही आदर्श कारभार नव्हता. चहाच्या टपरीवर आधीच ठरवून येणारे होते, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी मागाहून वाटून घ्यायचे. भंगाराच्या ठेक्यांवरून या पट्ट्यात दमदाटी किती चाले, ते पोलिसांच्या वह्यांत आहे. ई-लिलाव आला आणि हे बरेचसे थांबले. अंगणात उभे राहून डोळे वटारता येतात, पडद्यावर नाही. शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत वाढते, त्यामुळे ईबेसारखी फटही नाही. कारखान्याला दर चांगला मिळू लागला.

पण पिंप एकेकटे विकायला संगणकावर कुणी बसत नाही. सहा महिन्यांचा सगळा माल एकाच लॉटमध्ये, अनामत रक्कम आधी बँकेत, उचलायची मुदत ठरलेली, गाड्या आणि माणसे स्वतःची. मेहुण्यांना बोली लावता येत होती, अनामत भरता येत नव्हती. लॉट मोठा ठेकेदार घेतो, त्याच्याकडून दुसरा आणि मग यांच्यासारखे. पूर्वी ते कारखान्याच्या फाटकातून माल आणत, नंतर तिसऱ्या हाताने घेऊ लागले. "भाईजान, पडद्यावर आम्ही बोली बघतो, बोलत नाही," असे ते एकदा म्हणाले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली अनधिकृत बांधकामे पाडली, त्यात भंगाराची असंख्य गोदामे गेली. मेहुण्यांनी त्याआधीच धंदा आवरता घेतला होता.

सामान्य माणसाची आज ई-लिलावाशी गाठ पडते ती बहुधा याहून वाईट वेळी. पेपराची मागची पाने उलटून पाहा. कर्ज थकलेल्या घरांच्या विक्रीच्या नोटिसा बारीक अक्षरांत असतात. २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांनी अशी नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, द्यावी लागते. घर विकण्याआधी कर्जदाराला तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. थकबाकी आणि खर्च भागून पैसे उरले तर ते कर्जदाराचे. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

आमच्या शेजारच्या एका तरुणाचा छोटा हत्ती होता. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग पोचवायचा. २०२० च्या टाळेबंदीत गाडी उभी राहिली. ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत होती, पुढे काम निम्म्यावर आले आणि हप्ते पुरे राहिले. २०२१ च्या पावसाळ्यात फायनान्सवाले गाडी घेऊन गेले. कंपनीचे नाव इथे सांगायचे कारण नाही, असे सगळीकडे होते. तीन महिन्यांनी त्याला पत्र आले की गाडी ऑनलाइन लिलावात विकली गेली, आलेली रक्कम वजा जाता एवढे अजून येणे आहे. कुणी घेतली, किती जणांनी बोली लावली, कितीपासून सुरुवात झाली, यातले काहीच त्यात नव्हते. तो पत्र घेऊन माझ्याकडे आला, कारण गल्लीत कागद वाचून द्यायचे काम माझे. "चाचा, आणखी पैसे मागतात ते ठीक आहे, देईन मी. पण गाडी माझी होती. बोली लागली तेव्हा मला नुसतं बसू द्यायचं होतं तिथं." मी त्याला अर्ज लिहून दिला: लिलावाचा तपशील द्या, बोलींची यादी द्या, हिशेब द्या. दोन स्मरणपत्रांनंतर एका पानाचा हिशेब आला. बोलींची यादी आली नाही. येणे रकमेतला पार्किंगचा आकार मात्र त्यांनी कमी केला.

पुढच्या मार्चमध्ये त्याने जुनी गाडी घ्यायची ठरवली. आगाऊ भरायला रक्कम हवी होती. आमच्या गल्लीच्या भिशीत तेव्हा पंधरा जण होते, प्रत्येकी पाच हजार. त्या रविवारी आणखी दोघांनाही नड होती, एकाकडे लग्न होते, दुसरीला मुलीची फी भरायची होती. बोली चार हजारांपासून सुरू झाली. सात हजारांवर लग्नवाला थांबला. साडेआठला मुलीची आई थांबली, म्हणाली, "जाऊ दे रे, तुझं पोट आहे त्याच्यावर, मी पुढच्या महिन्यात घेते." याने नऊ हजार सोडून सहासष्ट हजार उचलले. आम्हा प्रत्येकाच्या वाट्याला सहाशे आले.